दप्तर आणि सायंप्रार्थना



जून महिना जवळ आला की आमच्या ख्रिस्ती घरांतून फी, गणवेश, दाखला आणि माध्यम यांचा खल रात्री उशिरापर्यंत चालतो. परंतु त्याच मुलाच्या श्रद्धेचे संगोपन कोणी करावयाचे, हा प्रश्न निघालाच तर ‘शाळा मिशनची आहे, काळजी नको’ एवढ्यावर त्याचा निकाल लागतो. हा निकाल मला मान्य नाही. संपूर्णतः सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, असे राज्यघटनेचे २८ वे कलम सांगते, आणि सरकारमान्य वा अनुदानित शाळेतही अज्ञान मुलास त्यात सहभागी करून घेण्यास पालकाची संमती लागते. कायद्यानेही ही जबाबदारी अखेर घराच्याच उंबरठ्यावर आणून ठेवली आहे, आणि ती तेथेच शोभते.

मात्र घरात ती सक्तीने पार पाडता येत नाही. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० सालचा. मधल्या वर्षांतील लक्ष्मीबाईंच्या मनाची घालमेल त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वाचताना दिसते ती ही, की त्या आल्या त्या स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या पावलांनी. प्रौढ माणसाच्या श्रद्धेला एवढा अवकाश लागतो, तर शब्बाथ शाळेतले वचन चुकले म्हणून दहा वर्षांच्या लेकराला भरल्या ताटावरून उठविण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? तसेच, माध्यम इंग्रजी म्हणून घरची प्रार्थनाही इंग्रजीतच घोकवून घेण्याची जी हौस हल्ली दिसते, तिने टिळकांची भजने गाणाऱ्या आजीपासून नातवंड तुटते, याचे मला फार दुःख होते.

सक्तीवाचून हे संगोपन कसे होते, ते मी घरीच पाहिले. माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. कंदिलाच्या उजेडात आमच्या गणिताच्या वह्या तपासून झाल्या की ते पवित्र शास्त्र उघडीत, आणि आम्हांस काहीही विचारण्याची मुभा असे. एका रात्री मी विचारले, “शेजारचे आजोबा दर वर्षी पंढरीला चालत जातात. देव त्यांचे ऐकत नसेल का?” वडील बराच वेळ स्तब्ध राहिले. मग म्हणाले, “बाळ, याचे उत्तर मला देता येत नाही. पण आज त्यांच्याकरिताही मागू.” त्या रात्रीच्या प्रार्थनेत आजोबांच्या दुखऱ्या गुडघ्यांचे नाव निघाले, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी त्यांच्या ओट्याशी थांबून ते कसे आहेत, हे विचारले.