पेटी तिची, किल्ली कोणाची?



आज मी पेट्यांविषयी बोलणार आहे. फणेरपेटी तुमच्यापैकी अनेकींनी आजीकडे पाहिली असेल. लाकडी पेटी, झाकणाला आतून आरसा, खाली फणी, कुंकू, मेण ठेवायचे कप्पे. किती देखणी वस्तू! पण नवरा गेला की अनेक घरांत कुंकवाबरोबर ही पेटीही तिच्यापुढून उचलली जाई. मग ती पेटी तिची होती, की तिच्या सौभाग्याची?

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. पंधराव्या शतकात इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात श्रीमंतांच्या लग्नांसाठी ‘कासोने’ नावाच्या मोठ्या पेट्या बनत, बहुधा जोडीने. लाकडी पेटीवर जिप्सम आणि सरसाच्या लेपाचे थर द्यायचे, घासून गुळगुळीत करायचे, मग सोन्याचा वर्ख आणि अंड्याच्या बलकात कालवलेले रंग. अपोलोनियो दि जोव्हान्नी आणि मार्को देल बुओनो यांच्या एकाच कारखान्यात १४४६ ते १४६३ या काळातल्या दीडशेहून अधिक मागण्यांची नोंद आहे.

आत नवरीचे कपडे. आणि बाहेर चित्रं कोणती? पळवून नेलेल्या सॅबाइन स्त्रिया. बलात्कारानंतर स्वतःचा जीव घेणारी ल्युक्रेशिया. नवऱ्याने कितीही छळलं तरी ब्र न काढणारी ग्रिसेल्डा. सुंदर पेटीवर रोजचा धडा! हुंडे तर असे वाढले, की १४२५ साली शहराने त्यासाठी ठेवींचा सरकारी निधीच काढला. हुंडा नावाला तिचा. संसार चालू असेतो कारभार नवऱ्याचा.

कारागिरांच्या हातांचं कौतुक करायलाच हवं. पण नक्षी पाहताना कुलूपही पाहू या.

आपल्याकडे १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं: स्त्रीधन संपूर्णपणे तिचंच. सांभाळायला दिलं म्हणून ते सासरचं होत नाही, आणि मागूनही परत न देणं हा फौजदारी गुन्हा ठरू शकतो. त्याच वर्षीच्या नियमांनुसार वधूला मिळालेल्या भेटींची लेखी यादी तिने ठेवायची असते. यादीवर वधूवर दोघांच्याही सह्या हव्यात. आपल्यापैकी किती जणींकडे अशी यादी आहे?

रुखवत आपण हौसेने मांडतो. त्याच दिवशी ही यादीही करू या. तिची एक प्रत आणि पेटीची किल्ली, दोन्ही मुलीच्याच हातात देऊ या.