अंगठी आणि कडी : नाट्यप्रसंगातील ताण





नाट्यप्रसंगात ताण कसा निर्माण होतो, हा आजचा विषय. चढलेला आवाज, झटापट, अश्रू यांतून ताण येतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. माझ्या मते त्याचे मूळ एका साध्या प्रश्नात असते : रंगमंचावर कोणाला काय ठाऊक आहे आणि कोणाला ठाऊक नाही? दोन नाटकांच्या आधारे मी हे मांडणार आहे.

पहिले ‘शाकुंतल’. आपल्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी ते १८८० साली मराठी संगीत रंगभूमीवर आणले. चौथ्या अंकात दुर्वासांचा शाप पडद्याआडून ऐकू येतो. विचारमग्न शकुंतलेच्या कानी तो पडत नाही. तिच्या दोघी सख्या तेवढ्या तो ऐकतात. ओळखीची खूण दिसताच शाप सरेल, एवढा उःशाप त्या मिळवतात आणि मैत्रिणीच्या कोमल मनाला जपण्यासाठी गप्प राहतात. निरोपाच्या वेळी त्या इतकेच सुचवतात, की राजाला ओळख पटली नाही तर ही अंगठी दाखव.

पाचव्या अंकात सारे जुळून येते. शाप शकुंतलेला ठाऊक नाही, दुष्यंतालाही नाही. ज्यांना ठाऊक आहे त्या सख्या आश्रमातच राहिल्या आहेत. ठाऊक आहे तो केवळ प्रेक्षकाला, आणि त्याला बोलता येत नाही. शकुंतलेचा हात बोटाकडे जातो, तेव्हा प्रेक्षकाची सगळी आशा त्या बोटावर एकवटलेली असते. आणि बोटात अंगठी नसते. शापाची वार्ता कालिदासाने आधी सांगितली नसती, तर आपल्याला केवळ राजाचा संताप आला असता. ती सांगितल्यामुळे दोघेही निरपराध ठरतात आणि प्रसंग असह्य होतो.

दुसरे नाटक विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. १९६७ साली ‘रंगायन’ने ते सादर केले, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि बेणारेबाईंची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. खेडेगावी प्रयोगासाठी आलेली हौशी मंडळी वेळ घालवण्यासाठी लुटुपुटूचा खटला मांडतात. बेणारेबाई आतल्या खोलीत असताना त्यांना आरोपी करायचे ठरते. आरोप भ्रूणहत्येचा. सारा खेळच, म्हणून आपणही हसतो.

मात्र नाटककाराने आरंभीच एक क्षुल्लक गोष्ट दाखवून ठेवलेली असते. सभागृहाच्या दाराच्या कडीत बाईंचे बोट सापडते, आणि ही जुनी कडी जपून हाताळली नाही तर माणूस आत अडकतो, हे सहज बोलण्यात येऊन जाते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी खेळ जिव्हारी लागतो, बाई निघू पाहतात आणि दार उघडत नाही. ज्यांच्याशी सारे जोडले गेले आहे, ते प्राध्यापक दामले तर रंगमंचावर येतच नाहीत.

दोन्ही ठिकाणी साधन एकच : आधी निरागसपणे दाखवलेली लहानशी वस्तू. परिणाम मात्र भिन्न. ‘शाकुंतला’त प्रेक्षकाला पात्रांहून अधिक ठाऊक असते, म्हणून तो कळवळतो. ‘शांतता’मध्ये बाईंचे गुपित त्याला फिर्यादी मंडळींबरोबरच कळत जाते. तेही आणखी ऐकायला उत्सुक असतात, आपणही असतो. अशा रीतीने नाटककार आपल्याला नकळत त्यांच्या बाकावर नेऊन बसवतो. प्रेक्षकाला काय आणि केव्हा कळू द्यायचे, यावरच त्याने कोठे उभे राहायचे हे ठरते.

बेणारेबाई शिक्षिका आहेत, वर्गावर जीव असलेल्या. त्यांना नोकरीवरून काढण्याचे त्यांच्या शाळेने ठरवले आहे, ही वार्ताही त्या खेळातच उघड होते. शाळेच्या या सभागृहात हे सांगताना मला ते केवळ नाट्यतंत्र वाटत नाही. शिक्षकांच्या खोलीत, गावात, घरात दुसऱ्याच्या आयुष्याविषयी अर्धवट ठाऊक असलेले आपण चवीने बोलतो, तेव्हा असाच एक खटला चाललेला असतो. स्नेहसंमेलनासाठी एकांकिका लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे एवढेच : आवाज चढवण्याआधी कोणाला काय ठाऊक आहे ते कागदावर मांडा. संवाद त्यानंतर लिहा.