गोदाकाठचे पाहुणे पक्षी



निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वरचा बंधारा उत्तर महाराष्ट्राला पाटपाण्यामुळे ठाऊक आहे. २०२० साली तो राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरला, तो मात्र पक्ष्यांमुळे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात भल्या सकाळी चापडगावच्या बाजूने जावे. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक पाण्यावर सहज दिसतात.

भोरड्या त्याआधीच, ऑगस्टच्या सुमारास येतात आणि एप्रिलपर्यंत राहतात. रब्बी ज्वारी चिकात असताना त्यांचा थवा उतरला की राखण करावीच लागते, यात वाद नाही. पण हाच पक्षी एरवी नाकतोडे व अळ्या वेचतो. हरभऱ्यात घाटे अळीसाठी हेक्टरी २० पक्षी थांबे उभारा असे आम्ही सांगतो, ते कोतवाल, साळुंकीसारख्या कीड टिपणाऱ्या पक्ष्यांच्या भरवशावरच!

उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचे आमिष मात्र बांधावर उघडे टाकू नये. दाणे टिपणारे पक्षी ते खाऊन मरतात. आमिष बिळात खोल सरकवून तोंड मातीने बुजवावे. हिवाळ्यात दलदली भोवत्या पिकावरून अगदी खालून घिरट्या घालताना दिसला, तर त्याला हाकलू नका. तोही उंदीरच शोधत असतो.