रनफ्लॅट काढून साधे टायर टाकायचे का? – एपिसोडचा लिखित मजकूर

हेडफोन लावलेत ना? गाडी चालवत असाल तर आवाज जरा कमी ठेवा, लक्ष रस्त्यावर ठेवा. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड नेहमीसारखा इथे लिहून टाकलाय.

आजचा विषय पुन्हा पुन्हा विचारला जातो. सेकंडहँड जर्मन गाडी घेतली. बीएमडब्ल्यू थ्री सीरीज म्हणा, किंवा तिच्या जोडीची दुसरी कुठली. पाच-सहा वर्षं जुनी, चकाचक, किंमत नव्या एसयूव्हीएवढी. घरचे खूश, मित्र खूश. मग टायर संपतात. चार रनफ्लॅटचं कोटेशन येतं आणि आपण खाली बसतो. शेजारचा टायरवाला म्हणतो, "दादा, साधे टाका ना, निम्म्यात काम होईल आणि गाडी मऊ चालेल." सर्व्हिस सेंटर म्हणतं, "अजिबात नको." आता ऐकायचं कोणाचं?

दोघंही अर्धं बरोबर बोलतायत. उरलेलं अर्धं आज बघू.

आधी रनफ्लॅट म्हणजे काय ते समजून घेऊ. साध्या टायरमध्ये गाडीचं वजन हवा पेलते. हवा गेली की टायरची बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल, दुमडते आणि रिम रस्त्यावर येते. रनफ्लॅटमध्ये ही भिंत आतून जाड, कडक रबर घालून मजबूत केलेली असते. हवा शून्य झाली तरी भिंत उभी राहते आणि गाडी चालत राहते. किती? साधारण ८० किलोमीटर, तेही ताशी ८० च्या आत. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

टायरवर 'रनफ्लॅट' असं सरळ लिहिलेलं असेलच असं नाही. ब्रिजस्टोन आरएफटी लिहितं, मिशेलिन झेडपी, म्हणजे झिरो प्रेशर, गुडइयर आरओएफ, कॉन्टिनेंटल एसएसआर. तुमच्या टायरच्या भिंतीवर यातलं काय आहे ते आधी वाचा. बरेच जण रनफ्लॅट समजून साध्या टायरवर फिरत असतात, कारण आधीच्या मालकानं गुपचूप बदललेले असतात! आणि डिकीत स्टेपनी नसते. म्हणजे दोन्हीकडून गेले.

आता कंपन्या हे टायर देतात कशासाठी? स्टेपनी काढता येते म्हणून. जागा वाचते, वजन वाचतं. १९९७ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये रनफ्लॅट कंपनीकडूनच आले, कारण त्या गाडीत स्टेपनीला जागाच ठेवली नव्हती. पुढे बीएमडब्ल्यूनं ही कल्पना आपल्या बऱ्याच मॉडेल्समध्ये नेली. त्यामागे विचार असा की पंक्चर झालं तरी तुम्ही रस्त्याच्या कडेला उतरू नका, सावकाश पुढच्या गॅरेजपर्यंत जा. जिथे रस्ते गुळगुळीत आणि गॅरेज जवळ आहेत, तिथे हा विचार छान चालतो.

आपल्याकडे तीन ठिकाणी अडतं.

एक, खड्डा. साधा टायर खड्ड्यात दाबला जातो, थोडा धक्का स्वतः गिळतो. रनफ्लॅटची भिंत कडक, ती कमी गिळते. उरलेला धक्का रिमला जातो, सस्पेन्शनला जातो, आणि शेवटी तुमच्या कमरेला. अलॉय वाकतो, कधी त्याला बारीक तडा जातो. आणि टायरच्या आतले धागे तुटले की भिंतीवर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. रनफ्लॅट असो की साधा, तो फेकायचाच.

दोन, पंक्चर. हायवेवरच्या टपरीवर तुम्ही रनफ्लॅट घेऊन गेलात तर तो भाऊ हात जोडतो. भिंत इतकी कडक असते की साध्या मशीनवर टायर रिमवरून निघत नाही, मदतीचा हात असलेलं मशीन लागतं. आणि टायर हवेशिवाय चालवला गेला असेल, तर आतून भिंत किती भाजली आहे हे बाहेरून दिसत नाही. म्हणून अशा वेळी बरेच टायर उत्पादक दुरुस्ती न करता टायर बदला असंच सांगतात. एक खिळा, एक टायर.

तीन, मिळणं. जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं नव्या टायरची आयात 'प्रतिबंधित' यादीत टाकली, म्हणजे आयातीला परवाना लागू लागला. महागड्या गाड्यांच्या विशिष्ट साइजला त्याचा फटका बसला. कोल्हापुरात, नांदेडमध्ये, अकोल्यात हवा तो टायर आज दुकानात असेलच याची खात्री नाही.

मग साधे टाकावेत? थांबा. आता दुसरी बाजू.

साधे टायर टाकून तुम्ही गाडी 'बिघडवत' नाही. बीएमडब्ल्यूची एम थ्री बघा. थ्री सीरीजचीच सगळ्यात वेगवान बहीण, आणि ती साध्या टायरवर येते. म्हणजे साध्या टायरवर कंपनीचा भरवसा नाही असं काही नाही. उलट टायर कंपन्या कित्येकदा एकच मॉडेल, एकाच साइजमध्ये, रनफ्लॅट आणि साधं अशा दोन्ही रूपांत विकतात. रनफ्लॅटच्या रिमवर साधा टायर बसतो. त्या रिमला आतून कडेला जरा मोठा उंचवटा असतो, त्यामुळे चढवताना थोडा जोर लागतो, इतकंच. बहुतेकांना गाडी मऊ वाटते, आवाज कमी येतो. कडक कोपऱ्यावर स्टिअरिंगचा चटपटीतपणा किंचित कमी वाटू शकतो.

पण एक गोष्ट तुम्ही गमावता, आणि ती मोठी आहे. ती म्हणजे न थांबता पुढे जाण्याची सोय.

हिशोब करू. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे साधारण ९४ किलोमीटर. कुठेही टायर गेला तरी रनफ्लॅटच्या ८० किलोमीटरमध्ये तुम्ही बाहेर पडता. रात्री दोन वाजता, खंडाळ्याच्या घाटात, पावसात, मागच्या सीटवर आई आणि लहान मूल. अशा वेळी ट्रकच्या रांगेशेजारी उतरून चाक बदलावं लागत नाही, याची किंमत काय? टायरच्या बिलात ती दिसत नाही. समृद्धी महामार्ग घ्या, ७०१ किलोमीटर. तिथे ८० किलोमीटर म्हणजे पुढचा इंटरचेंज गाठण्यापुरतं नक्कीच.

हेही लक्षात ठेवा की रनफ्लॅट म्हणजे जादू नाही. भिंत फाटली, मोठा तुकडा निघाला, तर तोही थांबतो. आणि मग डिकीत काहीच नसतं.

म्हणून मी प्रश्न असा विचारेन: पंक्चर झाल्यावर माझा प्लॅन काय? रनफ्लॅट हा एक प्लॅन आहे. तो काढायचा असेल तर त्याच्या जागी दुसरा प्लॅन हवा. टायर बदलला आणि प्लॅन नाही, तर पैसे वाचले नाहीत, फक्त धोका विकत घेतला.

आता बदलायचं ठरवलंत असं धरू. फोनमध्ये नोट्स उघडा.

पहिलं, चारही एकदम. दोन रनफ्लॅट, दोन साधे असं करू नका. एका ॲक्सलवर एक-एक तर मुळीच नको. दोघांची वळणातली वागणूक वेगळी, ब्रेक मारताना गाडी कुठे ओढेल सांगता येत नाही. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल, एक्सड्राइव्ह वगैरे, तर चारही टायरचा घेर सारखाच हवा, नाहीतर ताण ट्रान्सफर केसवर येतो. ती दुरुस्ती टायरच्या बिलाला हसेल.

दुसरं, आकडे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर आणि मॅन्युअल बघा. समजा २२५/४५ आर १८ आहे. पुढे लोड इंडेक्स आणि वेगाचं अक्षर असतं. लोड ९१ म्हणजे एक टायर ६१५ किलो पेलतो, ९५ म्हणजे ६९०. व्ही म्हणजे ताशी २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. कंपनीनं जे दिलंय त्याच्या खाली जाऊ नका. "साहेब, हेच चालतं सगळे," असं दुकानदार म्हणाला तरी नाही. आणि भिंतीवरचा चार आकडी कोड वाचा: ०८२४ म्हणजे २०२४ चा आठवा आठवडा. स्वस्तात मिळतोय म्हणून पाच वर्षं गोदामात पडलेला टायर घरी आणू नका.

तिसरं, रिम एक इंच लहान करायची युक्ती. तुमच्या मॉडेलला कंपनीनंच १७ इंची चाकाचा पर्याय दिला असेल तर ऐका. २२५/४५ आर १८ ची भिंत १०१ मिलिमीटर उंच, पूर्ण चाक साधारण ६६० मिलिमीटर. २२५/५० आर १७ ची भिंत ११२ मिलिमीटर, पूर्ण चाक ६५७. म्हणजे बाहेरून चाक जवळपास तेवढंच, स्पीडोमीटरला फरक अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी, पण रबर सेंटिमीटरभर जास्त. आपल्या रस्त्यांवर तो सेंटिमीटर सोन्याचा. फक्त ब्रेक कॅलिपर आत बसतोय का ते चाक लावून बघा.

चौथं, प्रेशरची सूचना देणारी यंत्रणा, टीपीएमएस. ती साध्या टायरबरोबरही काम करते. काही गाड्यांत चाकात सेन्सर असतो, तो टायर काढताना तुटू नये म्हणून आधीच सांगा. काही गाड्या एबीएसच्या सेन्सरवरून चाकाचा वेग मोजून अंदाज घेतात. त्या टायर बदलल्यावर आणि हवा भरल्यावर रीसेट कराव्या लागतात. ही दुसरी पद्धत चारही टायरची हवा सारखीच हळूहळू उतरली तर गप्प बसू शकते. म्हणून पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना, हवा स्वतः बघा. साध्या टायरवर हा आळस महाग पडतो. कमी हवेत भिंत जास्त वाकते, तापते, आणि समृद्धीवर तासन् तास एकाच वेगानं जाताना तीच फुटते. "मऊ चालावी" म्हणून हवा कमी ठेवणं तर पूर्ण बंद.

पाचवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्टेपनी. यात तीन रस्ते. पहिला, स्पेस सेव्हर, म्हणजे बारीक स्टेपनी. तिलाही ताशी ८० ची मर्यादा असते. तिचे बोल्टचे भोक जुळले पाहिजेत: बीएमडब्ल्यूच्या जुन्या पिढ्यांत ५ गुणिले १२०, नव्यात ५ गुणिले ११२. "बीएमडब्ल्यूचीच आहे" म्हणून जुन्या बाजारातून आणलेली स्टेपनी बसेलच असं नाही. बऱ्याच गाड्यांत डिकीखाली खळगाच नसतो, बॅटरी बसलेली असते, मग स्टेपनी वर पट्ट्यानं बांधावी लागते. मोकळी ठेवू नका, अचानक ब्रेक लागला की ती पुढे येते. दुसरा रस्ता, सीलंट आणि कॉम्प्रेसरचं किट. खिळ्याच्या छोट्या भोकाला चालतं, भिंतीच्या चिरेला नाही. सीलंटच्या बाटलीवर एक्स्पायरी असते, बघा. तिसरा, स्ट्रिप मारायचं किट. स्वस्त आहे, पण हात बसायला हवा. घरी जुन्या टायरवर एकदा करून बघा.

माझ्या मते हायवेवर फिरणाऱ्यानं पहिला आणि दुसरा, दोन्ही ठेवावेत. सोबत जॅक, पाना आणि बोल्टच्या लॉकची चावी. रनफ्लॅटच्या गाडीत जॅक मुळातच दिलेला नसतो, हे कित्येकांना रस्त्यावर कळतं.

कायद्याचं थोडं. २०२० मध्ये मोटार वाहन नियमांत बदल झाला. ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर किट असेल तर आपल्या छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनी सक्तीची नाही. म्हणजे नियमाला किट पुरतं. तुम्हाला पुरतं का, ते तुमचा रस्ता ठरवेल. गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरकडून आणि विमा कंपनीकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्या. तोंडी "काही होत नाही सर" याला क्लेमच्या वेळी अर्थ नसतो. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली तर मात्र कुठलाही टायर बेकायदाच.

मग कोणी बदलावे? तुमचं रोजचं येणंजाणं शहरात, खड्ड्यांतून, पंक्चरवाला हाकेच्या अंतरावर आणि किट डिकीत: साधे टाका, सुखी व्हाल. मुंबई-गोवा रस्त्यानं कोकणात नेहमी जाणारे: साधे अधिक स्टेपनी. रात्री एकट्यानं लांब गाडी चालवणारे, किंवा ज्यांना चाक बदलणं शक्यच नाही, घरातले वयस्कर किंवा पाठीचं दुखणं असलेले: रनफ्लॅट ठेवा, खर्च सोसा. कडकपणाची तक्रार असेल तर आधी नवीन रनफ्लॅट चालवून बघा. जुना, झिजलेला टायर नव्यापेक्षा जास्त कडक आणि आवाजी वाटतो.

आणि शेवटी, कुठलाही टायर असो, एक्सप्रेसवेवर पंक्चर झालं तर जागच्या जागी थांबू नका. वेग हळूहळू कमी करा, हॅझार्ड लावा, डावीकडे या, शक्य तितकं सुरक्षित जागेपर्यंत सरका. रिम गेली तर जाऊ दे, रिम विकत मिळते. माणसं गाडीतून डाव्या बाजूनं उतरवून कठड्यापलीकडे उभी करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कुठेही ११२. हे दोन्ही नंबर आत्ता सेव्ह करा.

आजचं होमवर्क पाच मिनिटांचं. खाली जा, डिकी उघडा, टायरच्या भिंतीवर काय लिहिलंय ते वाचा, आणि आत जॅक, चावी, किट काय काय आहे ते मोजा. गाडी मित्राची असली तरी चालेल, त्याला फोन करून विचारा. काय सापडलं ते व्हॉइस नोटवर सांगा, पुढच्या भागात घेऊ.

भेटू पुढच्या आठवड्यात. तोवर हवा बघा, सावकाश चालवा!