भिंती राहतील, माणसं कुठं?



14 एप्रिल म्हंजे आपली जयंती. याच तारखेला, 1944 साली, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं. पोटात कापूस, दारूगोळा आणि सोनं. सोन्याच्या विटा पार 1970च्या दशकापर्यंत गाळातून निघत राहिल्या आणि ब्रिटिश सरकारला परत गेल्या. मेलेल्या माणसांचा आकडा? त्यावर आजही एकमत नाही. माझा आजा गोदीत हमाल होता, म्हणून हा हिशेब मला टोचतो.

आता त्याच किनाऱ्याचा नवा हिशेब मांडलाय. 2018 साली पोर्ट ट्रस्टनं ससून डॉक ते वडाळा, सुमारे 966 हेक्टरचा आराखडा काढला. शहाणे लोक सांगतात, जुनी गोदामं पाडू नका, त्यांना नवा वापर द्या. पाडू नका, हे मलाही मान्य. 2017 साली ससून डॉकच्या गोदामात कलाप्रदर्शन भरलं. भिंतीवर तिथल्याच माणसांचे भलेमोठे चेहरे. छान! पण चेहरा भिंतीवर चढला म्हणून पोटापाण्याची हमी मिळत नाही.

गिरणगाव आठवा. 1982च्या संपानंतर गिरण्या बसल्या. 1991चा नियम म्हणाला, जमिनीचे वाटे करा : पालिका, म्हाडा, मालक. पण उभं बांधकाम ठेवून आत नवा धंदा काढला, की त्याला वाटणी लागत नव्हती. म्हंजे जुनी भिंत हीच मालकाची पळवाट! 2001च्या बदलानं वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, 2006 साली सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. चिमणी राहिली, तिच्या पायाशी मॉल आला. कामगार गेला.

आणि जुन्याचे गोडवे आपण तरी गाऊ नयेत. त्या गिरण्यांत विणकाम खात्याचं दार आपल्याला बंद होतं. धागा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणून विटाळ! 1928च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल लावून धरला. भिंत जपायची तर हेही तिच्यावर लिहा.

गोदीची जमीन कुण्या शेठची नाही, सार्वजनिक आहे. मालकाचं निमित्त इथं चालणार नाही. म्हणून मागणी साधी : गोदामाचं दार नव्या धंद्याला उघडण्याआधी दारूखाना, कौला बंदरच्या झोपडीला तिथंच घर द्या, पोरापोरींना तिथंच काम द्या. आणि किती घरं, किती कामं, ते आराखड्यात आकड्यानं लिहा.

विटा मोजल्या. आता माणसं मोजा!