काळीत बांधताना



वऱ्हाडातल्या अभियंत्यांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद आपण मला दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. मूर्तिजापूर ही गाडगेबाबांची कर्मभूमी. या तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी ते वाढले, इथल्या काळ्या जमिनीत त्यांनी नांगर धरला. त्यांना वंदन करतो.

मला विषय दिला आहे तो ‘कर्करोग उपचार केंद्रांचे संरचनात्मक संकल्पन : एक आढावा’. आढावा घ्यायचा तर सुरुवात परळपासून करावी लागेल. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी तिथे टाटा मेमोरियल सुरू झालं आणि पुढे कित्येक वर्षं वऱ्हाडातल्या रोग्याला मुंबईची रात्रीची गाडी हाच उपचाराचा रस्ता राहिला. नंतर नागपूरला तुकडोजी महाराजांच्या नावाचं रुग्णालय उभं राहिलं. महाराज स्वतः याच रोगाने १९६८ साली गेले. बार्शीसारख्या गावात नर्गिस दत्त रुग्णालय झालं, अकोल्याला संत तुकाराम रुग्णालय झालं, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था झाली. खारघरला तर प्रोटॉन उपचार आले. प्रोटॉनची फिरती गॅन्ट्री वजनाने शंभर टनांच्या घरात जाते.

दरम्यान यंत्रंही बदलली. कोबाल्टच्या किरणांच्या वाटेत साधारण २१-२२ सेंटिमीटर काँक्रीट उभं केलं की ते दहाव्या हिश्शावर येतात. सहा एमव्हीच्या लिनॅकला, म्हणजे विजेवर किरण तयार करणाऱ्या यंत्राला, त्यासाठी ३५ च्या आसपास लागतं, पंधरा एमव्हीला ४३ च्या. असे पाच-सहा थर रचले की किरणांच्या खोलीची, म्हणजे बंकरची, मुख्य किरणाच्या वाटेतली भिंत दोन-अडीच मीटरची होते, बाकीच्या एक-सव्वा मीटरच्या. म्हणूनच कोबाल्टसाठी बांधलेल्या खोलीत लिनॅक बसवायचा म्हटलं की शिसं आणि पोलादी पत्रे आठवतात. भिंतीपलीकडे उभ्या राहणाऱ्या सामान्य माणसाला वर्षाला एक मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा मिळता कामा नये, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाने नकाशा मंजूर केल्याशिवाय बांधकामाला हात लावता येत नाही.

आढावा इथेच थांबवतो. गेली बावीस वर्षं माझ्या मनात एक गोष्ट आहे. ती सांगायला मला याहून मोठं व्यासपीठ मिळणार नाही, आणि मिळालं तरी तोवर माझं वय थांबणार नाही.

आपल्या पूर्वजांनी जमिनीचे दोन भाग केले होते. पांढरी आणि काळी. पांढरीवर गाव वसायचं, काळीत पीक घ्यायचं. काळीत कुणी घर बांधत नसे. चैत्र-वैशाखात तिला एवढ्या भेगा पडतात की विळा आत पडला तर हाती लागत नाही, आणि मृगानंतर तीच भुई फुगून वर येते. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याला हे ठाऊक होतं. आज पांढरी भरून गेली आहे. रुग्णालयाला जमीन मिळते ती काळीतली, आणि बहुतेक वेळा दानातली. दात्याचा हेतू मोठा असतो, विश्वस्तांची तळमळ खरी असते. पण ती जमीन पोटात काय घेऊन बसली आहे, हे विचारण्याआधी भूमिपूजन होतं. यंत्राची ऑर्डर गेलेली असते, दर्शनी भागाचं रंगीत चित्र छापून झालेलं असतं, उद्‌घाटनाला कोण येणार हेही ठरलेलं असतं. मग आपल्याला फोन येतो. ‘साहेब, जरा सळयांचं बघून द्या.’

सळयांचं बघून द्या! चाळीस वर्षांत मी हे वाक्य किती वेळा ऐकलं, याची मोजदाद नाही. आणि माती तपासायचा बोअर? तो एकच घेतलेला असतो, तोही बंकरखाली, तोही उन्हाळ्यात, जमीन दगडासारखी झालेली असताना. जमिनीचा घट्टपणा सांगणारी एन व्हॅल्यू उत्तम येते. अहवाल फाईलला लागतो आणि सगळे निर्धास्त होतात.

काल इथे दोन तास वाद झाला की बंकरखाली राफ्ट घालावा की पाईल. दोन्ही बाजूंच्या तरुण मित्रांनी अभ्यास करून मांडणी केली, मी लक्ष देऊन ऐकली. मला फक्त माझा अनुभव सांगायचा आहे. मी बांधलेल्या बंकरांपैकी एकही हलला नाही. राफ्टवरचा नाही, पाईलवरचा नाही. दीड हजार टनांचा तो ठोकळा फुगणाऱ्या थराच्या खाली, मुरमावर टेकवला की काळीची त्याच्यापुढे मात्रा चालत नाही. हलतं ते बंकरला लागून असलेलं हलकं बांधकाम. ओसरी, बसायची जागा, नोंदणीची खोली. तिथे भार कमी, पाया उथळ, आणि वर छप्पर आल्यामुळे जमिनीतली ओल उडून जायची थांबते. दोन पावसाळ्यांत माती वर यायला लागते. बंकर जागेवर आणि ओसरी वर, आणि दोघांच्या मधोमध दार. आपल्या बहुतेक नकाशांत त्या दाराशी एक्सपान्शन जॉइंटची रेघ असते. रेघ मारली की आपलं काम संपलं, असं आपण समजतो.

आज सकाळच्या सत्रात हेमटाइटच्या जड काँक्रीटची बाजू मांडली गेली. मुंबईत जागा नाही, तिथे ते हवंच. वऱ्हाडात कशाला? मी एकदा घातलं होतं. व्हायब्रेटर जरा जास्त चालला आणि जड खडी खाली बसली, वर नुसतं पीठ राहिलं. ती भिंत पाडावी लागली. ज्याच्याजवळ जागा आहे त्याने साधं काँक्रीट जाड घालावं, पारसच्या वीजकेंद्राची राख मिसळून त्याची उष्णता आवरावी, मे महिना असेल तर रात्री बर्फाच्या पाण्यात कालवावं, आणि स्वतः पहाटेपर्यंत तिथे उभं राहावं. पाणी मात्र खारपाण पट्ट्यातल्या बोअरचं वापरू नये. आयएस ४५६ सळयांच्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम क्लोराइडची मर्यादा घालतं. पूर्णेच्या खोऱ्यातलं पाणी जिभेला लावलं तरी आपल्याला उत्तर मिळतं. शिवाय जिथे जमिनीत सोडियम चढलेला असतो, तिथे तीच काळी आणखी फुगते. गोड पाण्याच्या प्रदेशात लिहिलेले ठोकताळे इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

आता ती बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट.

वऱ्हाडातल्याच एका गावी एका विश्वस्त संस्थेचं उपचार केंद्र मी केलं. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नव्हता. बंकर चोख झाला. किरणांची मोजणी झाली, कुठेही गळती नाही. ओसरीसाठी मी अंडर-रीम्ड पाईल सुचवले होते. साडेतीन मीटर खोल, तळाशी फुगवटा, वर प्लिंथ बीम आणि बीमखाली मोकळी फट, म्हणजे माती वर आली तरी बीमला भिडणार नाही. रुडकीच्या संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठीच ही पद्धत बसवून दिली आहे, त्यात नवं काही नव्हतं. पण पैसे यंत्रात संपले होते. मला म्हणाले, ‘साहेब, ओसरीच तर आहे.’ मी दोन दिवस अडून बसलो. तिसऱ्या दिवशी साध्या पायाच्या नकाशावर सही केली.

तीन वर्षांनी माझ्या थोरल्या बहिणीच्या मणक्यात रोग उतरला. दुखणं कमी व्हावं म्हणून दहा दिवस किरण द्यायचे ठरले आणि घरापासून जवळचं केंद्र तेच होतं. पहिल्या दिवशी स्ट्रेचर मी आणि वॉर्डबॉय, दोघांनी ढकललं. ओसरी संपून बंकरच्या वाटेला लागताना चाक खाली आदळलं. ओसरी वर आली होती. संध्याकाळी पट्टीने मोजली, ३८ मिलिमीटर. आपल्या भाषेत हा आकडा किरकोळ आहे. ज्याचा मणका पोखरला आहे त्याला तो किती मोठा असतो, ते मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. ती म्हणाली, ‘बापू, अठी गोटा हाये काय रे?’

मी म्हटलं, ‘हो बाई, गोटा हाये.’

दहा दिवस, जाता-येता, वीस वेळा. दुसऱ्या दिवसापासून आम्ही स्ट्रेचर उचलून नेऊ लागलो. उचललं तरी हिसका बसायचाच. तो गोटा माझ्या सहीचा होता, हे मी तिला सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात संस्थेने मला ती ओसरी तोडू दिली आणि आम्ही ती पाईलवर पुन्हा बांधली. आज तिथे चाक आदळत नाही. तोवर बाई राहिली नव्हती.

म्हणून मित्रांनो, पायाचा विचार ओसरीपासून सुरू करा. रोगी बंकरमध्ये दहा मिनिटं असतो, ओसरीत तासन्‌तास. त्याचं माणूस तिथेच बसतं, तिथेच भाकर सोडतं, तिथेच डोळा लागतो. रोग्याच्या नातेवाइकाला पाठ टेकायला जागा लागते, हे गाडगेबाबांना कळलं होतं. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आजही कर्करोगाचे रोगी आणि त्यांची माणसं राहतात. आपण मात्र ओसरीला फालतू काम समजतो, आणि फी कमी करायची वेळ आली की पहिलं तेच काम सोडून देतो.

आणि कुदळ मारण्याआधी बोअर घ्या. एक अक्षय तृतीयेच्या सुमारास, एक पोळ्यानंतर. बंकरखाली घ्या आणि ओसरीखालीही घ्या. विश्वस्त नाही म्हणाले तर त्यांना सांगा की भूमिपूजनाच्या मंडपाला याहून जास्त खर्च येतो. तरीही नाही म्हणाले तर काम सोडा. मी सोडलं नाही, म्हणून हे बोलण्याचा मला अधिकार आहे.

माझी एक इच्छा आहे. वऱ्हाडातल्या प्रत्येक बोअरचे अहवाल आपापल्या कपाटात पडून आहेत. ते एका जागी यावेत, तालुकावार लागावेत, कुठली काळी किती फुगते याची एक वही व्हावी. ती कुणी ठेवायची, खर्चाचं काय, हे मी ठरवून आलेलो नाही. संध्याकाळी जे थांबतील त्यांनी बसून बोलावं. माझे सव्वाशेहून अधिक अहवाल मी आजच द्यायला तयार आहे.

या व्यासपीठाच्या डाव्या बाजूच्या टेबलावर काचेच्या दोन मोजनळ्या ठेवल्या आहेत. काल संध्याकाळी पाच वाजता मी त्या भरल्या. मूर्तिजापूरबाहेरच्या एका शेतातली माती वाळवून, चाळून, प्रत्येकीत दहा ग्रॅम टाकली. एकीत रॉकेल आहे, दुसरीत डिस्टिल्ड वॉटर. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. ही चाचणी शाळेतलं पोरही करू शकतं, आणि फरक पन्नास टक्क्यांच्या वर गेला की ती जमीन धोक्याची समजायची. जेवायला जाताना प्रत्येकाने वाकून मातीची रेघ स्वतः वाचावी. आज सकाळी नऊ वाजता रॉकेलच्या नळीत माती बाराच्या रेघेवर होती. पाण्याच्या नळीत ती एकविसावर आली होती, आणि चाचणीचे चोवीस तास पुरे व्हायला अजून आठ तास बाकी होते.