एक कोळपणी, अर्धे पाणी



'एक कोळपणी, अर्धे पाणी' ही म्हण आपल्या भागातल्या शेतकऱ्यांच्या घरांत अजून ऐकू येते. कोळपे फिरवल्याने जमिनीत थेंबभरही पाणी पडत नाही. मग अर्धे पाणी दिल्याचे फळ मिळते कसे? याचे उत्तर पाण्याच्या पृष्ठताणात आहे.

पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात. आतल्या रेणूला चहूबाजूंनी सोबती असतात, म्हणून त्याची ओढ सगळीकडे सारखी. पृष्ठभागावरच्या रेणूला वर सोबती नसतात; तो आत ओढला जातो. त्यामुळे पाणी आपला पृष्ठभाग होईल तितका लहान ठेवते. अळवाच्या पानावरचा थेंब गोल होतो तो यामुळेच.

मातीच्या कणांना मात्र पाणी चिकटते. दोन कणांमधल्या बारीक फटीत त्याचा पृष्ठभाग खोलगट होतो आणि हा ताण खालचे पाणी वर ओढतो. काचेच्या १ मिलिमीटर व्यासाच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढते, ०.१ मिलिमीटरच्या नळीत सुमारे ३० सेंटिमीटर. समईच्या वातीत तेल चढते तेही असेच.

निपाणीकडचा तंबाखू पावसावर वाढतो आणि पुढे काळ्या जमिनीतल्या ओलीवर तग धरतो. पाऊस सरला की माती आवळते. तिच्या बारीक फटी वातीसारखी ओल वर आणतात आणि ऊन ती पिऊन टाकते. कोळप्याने वरची माती मोकळी होते, फटी रुंदावतात, वात तुटते. भेगा बुजतात, तणही निघते. सुकलेला वरचा थर खालच्या ओलीवर पांघरूण होऊन बसतो.

जर्मनीतल्या आग्नेस पोकेल्स यांना विद्यापीठात शिकता आले नाही. भांडी घासताना पाण्यावर पसरणारा तेलकटपणा पाहून त्यांनी घरच्या घरी पृष्ठताण मोजला. १८९१ मध्ये लॉर्ड रॅले यांच्या पुढाकाराने त्यांचे पत्र 'नेचर' या नियतकालिकात छापले गेले.

आपल्याकडे बांधावरचे निरीक्षण म्हणीत राहिले. त्याला छापणारा रॅले भेटला नाही. आता मोटारीची कळ दाबली की पाणी येते, आणि म्हण मागे पडते. पण विहिरीने तळ गाठला की ओल राखण्याचीच विद्या उपयोगी पडणार आहे. म्हणून घरातल्या जुन्या माणसांकडून अशा म्हणी, त्यांच्या कारणांसह, वहीत उतरवून घ्या.